सर्वांत मोठा फरक कोणता? : केवलमूल्याचा शोध आणि उत्तराची मांडणी

१. प्रश्नाचे स्वरूप

संख्यांची एक यादी पुढे ठेवून "हिच्यातील सर्वांत मोठी संख्या कोणती?" असे विचारले, तर या प्रश्नात काही संदिग्धता आहे असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. परंतु यादीत धन संख्यांच्या जोडीला ऋण संख्याही आल्या, की या साध्या प्रश्नाला दोन अर्थ फुटतात. +३ आणि −८ यांत मोठी संख्या कोणती? संख्यारेषेच्या क्रमाने पाहिले तर +३. शून्यापासूनच्या अंतराने पाहिले तर −८. पहिल्या अर्थाला आपण महत्तम मूल्य म्हणतो, दुसऱ्याला केवलमूल्याने महत्तम असलेली संख्या म्हणतो. संगणकाला यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे सांगावे लागते, आणि उत्तर मिळाल्यावर ते वाचकापुढे अशा रीतीने मांडावे लागते की त्याचा अर्थ मार्गात हरवू नये.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली रीतसर कामास लागला, त्या काळी अशी गणिते मोजक्या तज्ज्ञांच्याच हाती होती. आज भाषाविज्ञानाचा पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या नोंदींवर स्वतःच आज्ञावली चालवितो. त्यामुळे वरील भेद जाणण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली आहे. प्रस्तुत लेखात हा विषय अक्कलकोट तालुक्यातील भाषिक संख्यांच्या आधारे मांडण्याचे योजिले आहे. तेथे फरकाच्या चिन्हाला आणि त्याच्या मोठेपणाला, दोहोंनाही, व्यवहारात किती महत्त्व येऊ शकते, हे इतिहासाने दाखवून दिले आहे.

अक्कलकोट हे भोसले घराण्याचे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले व सोलापूर जिल्ह्याचा भाग बनले. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा या तालुक्यात पिढ्यान्पिढ्या बोलल्या जातात. त्यांच्याबरोबर दखनी उर्दू, तेलुगू व बंजारा बोलीही कानी पडतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई सरकारने जून १९५७ मध्ये केंद्राला जे निवेदन दिले, त्यात खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे सीमानिश्चितीसाठी पुढे मांडली. पुढे १९६६ साली नेमलेल्या न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांच्या एकसदस्य आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट तालुका तत्कालीन म्हैसूर राज्यास जोडावा अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. तालुका महाराष्ट्रातच राहिला आणि सीमेच्या व्यापक प्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाच्या न्यायान्यायाचा विचार येथे कर्तव्य नाही. आपला प्रश्न मर्यादित आहे : अशा संख्यांतून "सर्वांत मोठा फरक" काढताना आपण नेमके काय काढतो?

२. चिन्ह आणि केवलमूल्य

एखाद्या गावातील मराठी मातृभाषकांच्या संख्येतून कन्नड मातृभाषकांची संख्या वजा केली, की एक फरक मिळतो. तो धन असल्यास मराठी अधिक, ऋण असल्यास कन्नड अधिक. म्हणजे चिन्ह हे दिशा सांगते. चिन्ह बाजूस ठेवून उरलेली संख्या, म्हणजे केवलमूल्य, ही फरकाची मात्रा सांगते. कन्नडमधून मराठी वजा केली असती तर सर्व चिन्हे उलटली असती, पण केवलमूल्ये तीच राहिली असती. कोणती भाषा आधी लिहावी हा मांडणी करणाऱ्याच्या सोयीचा भाग आहे. म्हणूनच निव्वळ महत्तम मूल्य काढणारी आज्ञावली त्या सोयीवर अवलंबून उत्तर देते, आणि केवलमूल्याने शोध घेणारी आज्ञावली तसे करीत नाही.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले आहेत. धन म्हणजे जवळची मत्ता, ऋण म्हणजे देणे. दोहोंची मात्रा एकच असू शकते, दिशा मात्र विरुद्ध. भास्कराचार्याच्या 'बीजगणिता'त ऋण संख्या अंकावर टिंब देऊन दाखविली जाते. ते टिंब नकलताना गळले तर कर्ज हे मत्ता होऊन बसेल, हे उघड आहे. आजच्या छपाईत उणे चिन्ह गळाले तरी नेमके हेच घडते.

पुढील कोष्टकातील गावे व आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत; ते कोणत्याही खऱ्या गावाचे नव्हेत. टक्केवारी ही गावाच्या एकूण लोकसंख्येशी काढली आहे.

| क्र. | गाव | मराठी | कन्नड | इतर | एकूण | फरक | टक्के |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | क | २४० | १,३१० | ५० | १,६०० | −१,०७० | −६६.८७५ |
| २ | ख | १,९०५ | ४२० | ६७५ | ३,००० | +१,४८५ | +४९.५ |
| ३ | ग | ७०२ | ६९० | १०८ | १,५०० | +१२ | +०.८ |
| ४ | घ | १५० | ६९० | ६० | ९०० | −५४० | −६०.० |
| ५ | च | ३,०८० | ४,७६० | ४,१६० | १२,००० | −१,६८० | −१४.० |
| ६ | छ | ४३० | ७६ | ९४ | ६०० | +३५४ | +५९.० |

आता "सर्वांत मोठा फरक कोठे?" या एकाच प्रश्नाची चार उत्तरे पाहा. माणसांच्या संख्येत व चिन्हासह पाहिले तर ख (+१,४८५), माणसांच्या संख्येत व केवलमूल्याने पाहिले तर च (−१,६८०), टक्क्यांत व चिन्हासह पाहिले तर छ (+५९.०); टक्क्यांत व केवलमूल्याने पाहिले तर क (−६६.८७५). चारही उत्तरे गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहेत. त्यांतील कोणते उत्तर हवे हे संगणक ठरवू शकत नाही. ते संशोधकाने प्रश्नाच्या स्वरूपावरून आधी ठरवावयाचे असते, आणि काय ठरविले ते लेखात स्पष्टपणे नमूद करावयाचे असते.

३. शोधाची रीती

केवलमूल्याने महत्तम संख्या शोधण्याची रीती अत्यंत सोपी असून ती कोणत्याही संगणकीय भाषेत पाच-सहा ओळींत लिहिता येते. शब्दांत ती अशी :

(१) यादीतील पहिल्या संख्येचे केवलमूल्य 'आतापर्यंतचे महत्तम' म्हणून ठेवावे आणि 'स्थान' एक असे लिहावे.
(२) दुसऱ्या संख्येपासून अखेरपर्यंत प्रत्येक संख्येचे केवलमूल्य काढावे.
(३) ते 'आतापर्यंतचे महत्तम' याहून मोठे असेल, तरच महत्तम व स्थान ही दोन्ही बदलावीत.
(४) यादी संपल्यावर 'स्थान' पाहून मूळ यादीतील संख्या तिच्या चिन्हासह वाचावी.

वरील कोष्टकातील फरकाच्या रकान्यावर ही रीती चालवून पाहू. आरंभी महत्तम १,०७०, स्थान १. दुसरी संख्या १,४८५. ती मोठी, म्हणून महत्तम १,४८५, स्थान २. तिसरी १२ व चौथी ५४०, बदल नाही. पाचवी −१,६८०, तिचे केवलमूल्य १,६८०. ते मोठे, म्हणून स्थान ५. सहावी ३५४, बदल नाही. अखेर स्थान ५ वरून मूळ यादी पाहिली की −१,६८० ही संख्या चिन्हासह हाती येते.

या रीतीतील मर्म चौथ्या पायरीत आहे. आज्ञावलीने केवळ १,६८० एवढेच सांगितले असते, तर फरक कोणत्या गावचा आणि कोणत्या भाषेच्या बाजूचा, या दोन्ही गोष्टी हरवल्या असत्या. म्हणून मूळ यादीची केवलमूल्ये करून तीच यादी पुसून टाकू नये. तुलनेपुरते केवलमूल्य काढावे आणि यादी जशीच्या तशी राखावी. संख्यागणिताच्या प्रसिद्ध आज्ञावली-संग्रहांतही हीच दृष्टी आढळते. लॉसन, हॅन्सन, किंकेड व क्रोघ यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या 'ब्लास' या फोर्ट्रान संग्रहात 'आयडॅमॅक्स' नावाची उपआज्ञावली आहे. ती महत्तम मूल्य परत देत नाही. केवलमूल्याने महत्तम असलेल्या संख्येचे स्थान देते.

स्थान का हवे, याचे गणितातील कारण गाउसच्या निरसन पद्धतीत सापडते. दोन समीकरणे घ्या :

०.०००४ क्ष + य = १
क्ष + य = ३

खरे उत्तर क्ष सुमारे २.०००८ व य सुमारे ०.९९९२ असे आहे. आता प्रत्येक पायरीवर तीनच सार्थ अंक राखणारा गणक कल्पा. पहिल्या समीकरणाला २,५०० ने गुणून दुसऱ्यातून वजा केले, तर य चा गुणांक १ − २,५०० = −२,४९९, म्हणजे तीन अंकांत −२,५००; उजवी बाजू ३ − २,५०० = −२,४९७, तीही तीन अंकांत −२,५००. यावरून य = १ आणि पहिल्या समीकरणावरून क्ष = ०. उत्तर साफ चुकले. उलट, क्ष च्या दोन गुणांकांत केवलमूल्याने मोठा असलेला, म्हणजे दुसऱ्या समीकरणातील १, हा आधार धरून निरसन केले, तर य चा गुणांक ०.९९९६, म्हणजे १.००, उजवी बाजू १ − ०.००१२ = ०.९९८८, म्हणजे ०.९९९; यावरून य = ०.९९९ आणि क्ष = २.००. समीकरणे तीच आणि अंकही तीनच. फक्त केवलमूल्याने मोठे पद ज्या ओळीत आहे ती ओळ आधी घेतल्याने उत्तर वाचले. बोलीसर्वेक्षणातील प्रतिगमनासारखी गणिते जी आज्ञावली करते, तिच्या पोटात हा शोध सतत चाललेला असतो.

४. रीतीतील अडचणी

रीती सोपी असली तरी पाच ठिकाणी ती फसते; त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली अडचण आरंभाची. 'आतापर्यंतचे महत्तम' शून्य धरून आरंभ करण्याची सवय पुष्कळांना असते. केवलमूल्यांच्या शोधात ती बहुधा खपून जाते. पण यादीतील सर्व संख्या शून्य असल्या तर स्थान रिकामेच राहते. चिन्हासह महत्तम शोधताना मात्र ही सवय घातक आहे. सर्व गावांत कन्नड अधिक असेल, तर सर्व फरक ऋण असतील आणि आज्ञावली यादीत नसलेले शून्य हेच उत्तर देईल. पहिल्या संख्येपासून आरंभ केला की दोन्ही दोष टळतात.

दुसरी अडचण बरोबरीची. एका गावी फरक +५४० आणि दुसऱ्या गावी −५४० असेल, तर केवलमूल्ये समान. "मोठे असेल तरच बदल" असा नियम ठेवला तर यादीत आधी आलेले गाव निवडले जाईल. "मोठे वा समान असेल तर बदल" असे लिहिले तर नंतर आलेले. गावांची यादी देवनागरी वर्णानुक्रमाने लावली की रोमन वर्णानुक्रमाने, एवढ्यावर उत्तराची दिशा पालटेल. भाषिक प्रश्नात असा योगायोग निर्णायक ठरू देणे उचित नव्हे. म्हणून समान केवलमूल्याची सर्व स्थाने आज्ञावलीने नोंदवावीत आणि ती सर्व छापावीत.

तिसरी अडचण रिकाम्या रकान्याची. एखाद्या गावातील मराठी भाषकांची संख्या नोंदवावयाची राहून गेली आणि तो रकाना शून्य म्हणून वाचला गेला, तर फरक कन्नड भाषकांच्या पूर्ण संख्येइतका ऋण होतो व ते गाव केवलमूल्याच्या यादीत वर चढते. यावरून एक व्यवहारी नियम निघतो : केवलमूल्याने सर्वांत मोठी निघालेली संख्या हा शोध आहे असे मानण्यापूर्वी ती चूक तर नाही ना, हे मूळ नोंदीशी ताडून पाहावे. रिकाम्या जागी 'संख्या नव्हे' अशी खूण ठेवणे अधिक बरे. तथापि तीही निर्धोक नाही. त्या खुणेशी केलेली प्रत्येक तुलना 'नाही' असे उत्तर देते. त्यामुळे ती यादीत पहिली आली तर पुढील एकही संख्या तिच्याहून मोठी ठरत नाही व तीच महत्तम म्हणून राहते. मध्ये कोठे आली तर गुपचूप वगळली जाते. म्हणून किती नोंदी रिकाम्या होत्या, हे निष्कर्षाबरोबर सांगितलेच पाहिजे.

चौथी अडचण पूर्णांकांच्या मर्यादेची. सोळा द्विमान अंकांत साठविलेला पूर्णांक −३२,७६८ पासून +३२,७६७ पर्यंतच जातो. ऋण बाजूस एक संख्या अधिक आहे. म्हणून −३२,७६८ चे केवलमूल्य त्या चौकटीत मावत नाही, आणि पुष्कळ यंत्रांवर त्याचे 'केवलमूल्य' म्हणून पुन्हा −३२,७६८ हेच मिळते. मग ही सर्वांत मोठी संख्या सर्वांत लहान ठरून मागे पडते. बत्तीस अंकांच्या पूर्णांकांतही हाच प्रकार −२,१४,७४,८३,६४८ या संख्येपाशी होतो. लोकसंख्येच्या बाबतीत तशी वेळ क्वचित येईल. पण जुन्या ध्वनिमुद्रणातील लहरींचे मोजमाप सोळा अंकी पूर्णांकांत असते, आणि तेथे ध्वनी फाटला की नेमकी हीच टोकाची संख्या येते.

पाचवी अडचण अंकांच्या लिपीची. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थाने आहेत. पायथनसारख्या काही भाषा ते संख्या म्हणून वाचतात. इतर अनेक साधने त्यांना केवळ मजकूर समजतात. एक्सेलसारख्या पत्रकात मजकूर म्हणून पडलेली संख्या महत्तम शोधताना मोजलीच जात नाही, आणि तशी सूचनाही मिळत नाही. मजकूर म्हणून क्रम लावल्यास १० हे ९ च्या आधी येते. शिवाय उणे चिन्हाच्या जागी छापखान्यातील लांब रेघ नकलली गेली, तर सर्व धन संख्या वाचल्या जातात आणि ऋण संख्या तेवढ्या गळतात. असा दोष एकाच भाषेच्या बाजूच्या नोंदी नाहीशा करतो. म्हणून तो सामान्य चुकीहून अधिक गंभीर मानावा.

५. उत्तराची मांडणी

शोध अचूक झाला तरी उत्तर छापताना ते बिघडू शकते. फोर्ट्रानमध्ये संख्येसाठी चार घरांची जागा नेमून दिली, तर १४८५ नीट छापला जातो; परंतु −१६८० ला चिन्हासह पाच घरे लागतात, म्हणून त्याच्या जागी चार तारका उमटतात. आपण जी संख्या शोधावयास निघालो, तीच कोष्टकातून अदृश्य होते. रकान्याची रुंदी ठरविताना केवलमूल्याने महत्तम संख्येचे अंक मोजावेत आणि चिन्हासाठी एक घर अधिक ठेवावे. म्हणजे महत्तमाचा शोध हा छपाईच्याही आधी करावयाचा असतो.

दुसरी गोष्ट आसन्न मूल्याची. तुलना पूर्ण अचूकतेने करावी आणि आसन्न मूल्य केवळ छापताना घ्यावे. ५९.६ आणि ६०.४ ही दोन्ही मूल्ये पूर्णांकात ६० दिसतात. आधी आसन्न करून मग तुलना केली तर नसलेली बरोबरी निर्माण होते. शून्याजवळ तर विशेष जपावे. −०.०४ हे एका दशांशापर्यंत लिहिले की काही आज्ञावली '−०.०' छापतात, काही '०.०'. पहिल्या छपाईत वाचक गोंधळतो. दुसरीत फरक मुळी नाहीच असे समजतो. वास्तविक त्या गावी कन्नड भाषक थोडे का होईना, अधिक आहेत. अशा ठिकाणी टक्क्यांबरोबर माणसांचा फरकही छापावा. शाळेत आपण ०.१२५ चे दोन दशांशांपर्यंतचे आसन्न मूल्य ०.१३ असे शिकतो. पायथन ते ०.१२ देते, कारण बरोबर मध्ये पडलेली संख्या सम अंकाकडे नेण्याचा नियम तेथे पाळला जातो. दोन्ही संकेत मान्य आहेत. एका निबंधात मात्र एकच संकेत असावा.

तिसरी गोष्ट वाचकाच्या सोयीची. मराठी वाचकास लाख-कोटींच्या पद्धतीने दिलेले स्वल्पविराम वाचता येतात. आज्ञावली मात्र बहुधा तीन-तीन अंकांनी तोडते. हिशेबी पत्रकांत ऋण संख्या कंसात लिहिण्याचीही प्रथा आहे. हे सर्व संकेत छपाईच्या अखेरच्या टप्प्यावरच लावावेत. साठविलेल्या नोंदीत संख्या निर्भेळ ठेवाव्यात. आणि छापलेल्या प्रत्येक ओळीत निदान पाच गोष्टी असाव्यात : स्थान, गाव, चिन्हासह फरक, एकूण संख्या आणि टक्के. उदाहरणार्थ : "क्र. ५, गाव च, फरक −१,६८०, एकूण १२,०००, टक्के −१४.०". एवढी ओळ वाचणाऱ्यास आपला निष्कर्ष पडताळून पाहता येतो.

६. भाषारूपांच्या मोजणीत

हीच रीती शब्दांच्या व रूपांच्या मोजणीसही लागू पडते. सोलापूरकडील बोलीत 'करतोय' याऐवजी 'करायलाय' या घडणीचे रूप ऐकू येते. समजा, अनेक गावांच्या ध्वनिमुद्रणांतून अशा रूपांची वारंवारता मोजली. प्रत्येक गावी प्रत्येक रूपाची अपेक्षित संख्या काढून प्रत्यक्ष संख्येतून ती वजा केली आणि बाकीस अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाने भागले, म्हणजे प्रमाणित अवशेष मिळतो. धन अवशेष म्हणजे रूप अपेक्षेहून अधिक, ऋण म्हणजे अपेक्षेहून कमी.

येथे चिन्हासह क्रम लावून वरच्या दहा ओळी छापण्याची प्रथा पडली आहे. त्यामुळे जे रूप एखाद्या गावी विशेष आढळते तेवढेच डोळ्यांत भरते. जे रूप तेथून नाहीसे झाले आहे ते यादीच्या तळाशी, न छापलेल्या भागात राहते. भाषासंपर्काच्या अभ्यासात रूपाचा अभाव हा त्याच्या अस्तित्वाइतकाच बोलका पुरावा असतो. केवलमूल्याने क्रम लावला आणि चिन्ह छापले, तर दोन्ही प्रकारचे पुरावे एकाच यादीत शेजारी येतात.

७. आकड्याबाहेर राहणारे

आता पुन्हा कोष्टकाकडे वळू. सहा गावांच्या फरकांची चिन्हासह बेरीज −१,४३९ येते, म्हणजे १९,६०० लोकवस्तीत उणे ७.३ टक्के. सहाही गावे मिळून एक घटक मानला तर कन्नड भाषक अधिक. गाव हा घटक मानला तर तीन गावे एकीकडे व तीन दुसरीकडे. केवलमूल्यांची बेरीज मात्र ५,१४१ आहे. दोन बेरजांमधील ही तफावत, मोठ्या घटकात विरुद्ध दिशांचे फरक परस्परांस किती पुसून टाकतात, हे दाखविते. सीमावादात "घटक कोणता?" या प्रश्नावर एवढा कटू वाद का होतो, त्याचे अंकगणित हे असे आहे.

गाव च कडेही लक्ष द्यावे. माणसांच्या संख्येत तेथील फरक सर्वांत मोठा. तरीही कन्नड भाषक तेथे चाळीस टक्क्यांहूनही किंचित कमी आहेत, मराठी भाषक सुमारे २५.७ टक्के, आणि तिसऱ्या भाषांचे लोक एकतृतीयांशाहून अधिक. सर्वांत मोठा फरक असलेल्या गावी कोणत्याही भाषेला निम्म्याहून अधिक बहुमत नाही. दोन भाषांची वजाबाकी करताच तिसऱ्या भाषा हिशेबातून बाहेर पडतात. म्हणून 'इतर' हा रकाना कधीही गाळू नये.

केवलमूल्याने महत्तम असलेली गावे वादाची नसतात. तेथे उत्तर उघडच असते. वाद उत्पन्न होतो तो ग सारख्या गावी, जेथे केवलमूल्य लघुत्तम आहे. दीड हजारांच्या वस्तीत बारा माणसांचा फरक हा दोन-तीन कुटुंबांच्या स्थलांतराने, अथवा गणकाने नोंद घेताना विचारलेल्या प्रश्नाच्या शब्दांनी पालटू शकतो. तेव्हा महत्तमाबरोबर लघुत्तमाचीही यादी काढण्यास आज्ञावलीस दोनच ओळी अधिक लागतात. त्या अवश्य लिहाव्यात.

शेवटी मातृभाषेच्या रकान्याविषयी. जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा एकच नोंदली जाते. अवगत असलेल्या इतर भाषा वेगळ्या विचारल्या जातात. अक्कलकोटच्या बाजारात दोन्ही भाषांतून सारख्याच सहजतेने व्यवहार करणारा माणूस वजाबाकीत एकाच बाजूला पडतो. गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या सांगलीजवळील कुपवाडच्या अभ्यासात असे दाखविले, की तेथील कन्नड, मराठी व उर्दू यांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने इतकी जवळ आली होती की एका भाषेतील वाक्य बहुतांशी पदाला पद ठेवून दुसरीत नेता येई. अशा प्रदेशात फरकाचा आकडा हा लोकांनी आपल्या भाषेला दिलेल्या नावांतील फरक मोजतो. त्यांच्या बोलण्यातील फरक मोजण्यास तो पुरेसा नाही.

यास्तव या प्रदेशात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन पत्रके जोडीने ठेवावीत. एकात मातृभाषेच्या संख्यांचा चिन्हांकित फरक असावा. दुसऱ्यात दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचे प्रमाण असावे. पहिल्या पत्रकात केवलमूल्य लघुत्तम आणि दुसऱ्यात प्रमाण महत्तम अशी जी गावे निघतील, तेथे ध्वनिमुद्रणास आधी जावे. दोन भाषा एकमेकींत कशा मुरतात हे पाहण्याची सर्वांत चांगली संधी त्याच गावी मिळण्याचा संभव आहे.